झोप लागते का, हे कोण विचारणार?

नांदगाव खंडेश्वरचे माझे मामू वर्षभर छातीत धडधडतं म्हणून दवाखाने फिरले. ईसीजी, शुगर सारं ठीक. घरात 'असर'ची कुजबुज झाली, दर्ग्यावरही नेलं. त्यात मला वावगं वाटत नाही. तिथे माणूस निदान रडू शकतो. पण झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. मी पुण्यात बसून रिपोर्टच्या पीडीएफ बघत होतो.

हे विचारायला दरवेळी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असं नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक तयार केले. गरज असेल त्यालाच तज्ज्ञाकडे पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

म्हणून आपली मागणी साधी असावी: प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजतात तिथेच समुपदेशक बसावा. दारावर वेगळी पाटी नको, म्हणजे मोहल्ल्यात चर्चा नको. आणि तो किंवा ती आपल्या अम्मींच्या बोलीत बोलणारी असावी. समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या मुलींनी ही नोकरी मागायला हवी.

तोवर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मामूंना मीच लावून दिला. पहिल्यांदा त्यांनी फोन कापला. दुसऱ्यांदा वीस मिनिटं बोलले.