मागची काच सगळ्यांची

रस्त्याकडेला उभ्या चारचाकींची रांग दिसली की सरावलेल्या दुचाकीस्वाराची नजर आपोआप त्यांच्या मागच्या काचांवर जाते. आत ड्रायव्हरच्या जागी डोकं दिसतंय का? दिसलं, तर दार कधीही उघडेल, तेव्हा जरा उजवीकडून जायचं. पुण्याच्या पेठांतून रोज ये-जा करणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण काचेवर काळी फिल्म असली की त्याची नजर तिथेच अडते. दार उघडतं तेव्हाच त्याला कळतं की आत माणूस होतं.

घाटात उतरताना मी पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून आणि तिच्या पुढच्या काचेतून आरपार बघत असते. दोन गाड्यांपलीकडे लाल दिवे लागलेले दिसले की माझा पाय आधीच ब्रेकवर जातो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या उतारावर ते दोन-तीन क्षण फार मोलाचे असतात. पुढच्याची काच काळी असेल तर त्याने ब्रेक मारल्याशिवाय मला काहीच कळत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की गाडी तुमच्या मालकीची असली तरी मागची काच तुमच्या एकट्याची नाही. मागून येणाऱ्या प्रत्येकाचा तिच्यावर हक्क आहे.

कायद्यालाही हे मान्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०० वा नियम सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के. बाजूच्या काचांना सवलत आहे, मागच्या काचेला नाही. ती थेट पुढच्या काचेच्या पंक्तीला बसवली आहे. ‘पुढची काच स्वच्छ ठेवलीय, मागे कोण बघतंय’ म्हणणारे भेटतात, तेव्हा त्यांना हा आकडा मी आवर्जून सांगते.

तरीही वर्षानुवर्षं फिल्म लागत राहिली. शेवटी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला. अपहरण, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत काळ्या काचांच्या गाड्या वापरल्या जातात, हा त्या याचिकेतला मुख्य मुद्दा होता. न्यायालयाचं म्हणणं असं, की काच कारखान्यातूनच ठरलेल्या पारदर्शकतेची यावी आणि तशीच राहावी. नंतर तिच्यावर काहीही चिकटवता येणार नाही. त्या वर्षीच्या ४ मेपासून देशभर कुठल्याही टक्केवारीची काळी फिल्म बंद झाली. अपवाद राहिला तो झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांचा, तोही समितीने परवानगी दिली तर. ‘साहेबांची गाडी आहे’ ही सबब त्या निकालात कुठेही बसत नाही.

त्या आदेशाला आठ महिनेही झाले नव्हते, तेव्हा १६ डिसेंबरच्या रात्री आत एका मुलीवर सामूहिक बलात्कार होत असताना एक खासगी बस दिल्लीच्या रस्त्यांवरून फिरत राहिली. तिच्या काचा काळ्या होत्या, आत पडदे होते. तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री, आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, यांनी अशा बस जप्त केल्या जातील असं संसदेत जाहीर केलं. नियम तर १९८९ पासून होता, सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही होता. त्या रात्री यांतलं काही त्या मुलीच्या उपयोगी पडलं नाही. काळ्या काचेचा विषय निघाला की मला आजही आधी ती बस आठवते, आणि ‘एवढ्याशा फिल्मने काय होतंय’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

स्वतःला झाकून घेण्यासाठी फिल्म हवी असणाऱ्या बायकाही आहेत. रात्री एकटीने गाडी चालवताना सिग्नलला शेजारचे लोक आत रोखून बघतात, हा अनुभव माझाही आहे. त्यांची भीती खरी आहे. पण काच काळी केली की आत काही वाईट घडत असेल तेव्हा बाहेरच्या माणसाला ते दिसणारही नाही. उन्हाळ्यात बंद गाडीत मूल अडकल्याच्या बातम्या येतात. अशा वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या नजरेवरच सगळी आशा असते. ती वाट मी तरी बुजवणार नाही.

मध्यंतरी नियम बदलला आणि गोंधळ वाढला. सुधारित १०० व्या नियमात १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला, म्हणजे काचेच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा थर असलेल्या प्रकाराला, जागा मिळाली. त्याच्या आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं, की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. ॲक्सेसरीजच्या दुकानांत मात्र यातलं अर्धंच वाक्य सांगितलं जातं: ‘आता चालतं, मॅडम.’

दुकानदार टक्केवारी सांगतो ती नुसत्या फिल्मची. नियमातली टक्केवारी काच आणि फिल्म मिळूनची आहे, आणि हे दोन आकडे एकमेकांनी गुणायचे असतात. कारखान्यातून आलेली काच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर ‘कायदेशीर सत्तर’ म्हणून विकलेली फिल्म लावली, तर उरतात साडेबावन्न टक्के. बाजूच्या काचेला ते कसंबसं चालेल. मागच्या काचेला मुळीच नाही. तिथे जवळजवळ संपूर्ण पारदर्शक फिल्मच बसू शकते.

उकाड्याचं काय? नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात गाडी तापते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सूर्याच्या उष्णतेचा साधारण निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. ते अडवणारी आणि तरीही आरपार दिसणारी काच बनते. काळी स्वस्त फिल्म मुख्यतः दिसणारा उजेड अडवते, म्हणून आत काळोख होतो, पण त्या मानाने गारवा मिळत नाही. बसण्याआधी चारही दारं मिनिटभर उघडी ठेवावीत, गरम हवा जाऊ द्यावी, मग एसी लावावा. पोराच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून बाजूला जाळी लावणाऱ्या आईला मी समजू शकते, पण २०१२ च्या आदेशात ‘इतर कोणतीही वस्तू’ असे शब्द आहेत आणि पोलीस जाळीलाही दंड करतात, हे तिला ठाऊक असावं.

आपल्याकडे मागची काच फिल्मइतकीच श्रद्धेनेही झाकली जाते. महाराजांचं काचभर चित्र, मंडळाचं नाव, पक्षाचा नेता. छिद्रांच्या विनाइलवर छापलेलं ते चित्र आतून आरपार दिसतं, त्यामुळे मालकाला वाटतं काही बिघडलं नाही. मागच्याला मात्र ती भिंतच. त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच म्हणते, चित्र पत्र्यावर लावा, डिकीच्या दारावर भरपूर जागा असते. गणपतीला कोकणात जाताना उशा-गाद्या, पेट्या छतापर्यंत रचल्यावरही तेच होतं. रिव्हर्स कॅमेरा आहे, असं उत्तर मिळतं. तो तुम्हाला मागचं दाखवतो. मागच्याला पुढचं कोण दाखवणार?

मोटार वाहन कायद्याच्या १७७ व्या कलमाखाली पहिल्यांदा ५०० रुपये दंड आहे, पुन्हा सापडलं तर १,५००. फिल्म लावायचा खर्च सहज याहून जास्त होतो, त्यामुळे दंडाची भीती वाटत नाही. त्यात नाक्यावरच्या हवालदाराने नुसत्या डोळ्यांनी टक्केवारी ठरवायची, मग हुज्जत होणारच. काचेतून किती प्रकाश जातो ते क्षणात सांगणारं हातात मावणारं यंत्र मिळतं. पीयूसी काढायला इंधनावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला ठरावीक मुदतीने जावंच लागतं. धुराबरोबर मागची काचही तिथेच मोजावी आणि आलेला आकडा प्रमाणपत्रावर छापावा. परिवहन आयुक्तांनी याची सुरुवात आधी सरकारी गाड्यांपासून करावी, आणि त्यातही पहिल्यांदा मंत्र्यांच्या ताफ्यातल्या.