पाचांचा थवा होत नाही

मंडळी, आज मी जरा भांडणार आहे. विषय म्हटलं तर क्षुल्लक, मासे! ताटातले नव्हेत, काचेतले.

मागच्या वर्षी नातवाने हट्टाने खाऱ्या पाण्याची टाकी घेतली, दोनशे लिटरची. तीत पाच ॲन्थियस सोडले. एक जांभळट नर, चार केशरी माद्या. इतके देखणे की मीसुद्धा खुर्ची ओढून बघत बसायचे. दुकानदाराने बजावलं होतं, "हा समूहात राहणारा मासा आहे, एकटा नेऊ नका." चार महिन्यांत टाकीत एकच उरला. घरात कोणीतरी म्हणालं, "दुबळे होते, गेले."

या वाक्याचा मला संताप आला. छत्तीस वर्षं वर्गावर असताना ते मी फार वेळा ऐकलंय.

मग मी वाचायला बसले. तांबड्या समुद्रापासून पुढे हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळांवर हे मासे शेकड्यांनी राहतात. थोडे नर, पुष्कळ माद्या. नर नाहीसा झाला की मोठ्या माद्यांपैकी एक काही आठवड्यांत स्वतःच नर होते! लेव्ह फिशेलसन या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये याबद्दल लिहिलं होतं. म्हणजे प्रत्येक मादी वरच्या जागेची उमेदवार. त्यामुळे वरचा खालच्याला सतत दाबत असतो.

समुद्रात हा त्रास शंभरांत वाटला जातो, शिवाय लपायला कपारी असतात. टाकीत तो पाचांतच फिरतो. साठ मुलांच्या वर्गात भित्रं पोर मागच्या बाकावर निभावून नेतं. पाचांच्या शिकवणीत त्याने कुठे लपायचं? सगळ्यांत खालची मादी कोपऱ्यात दबते, खायला पुढे येत नाही आणि संपते. मग पाळी तिच्या वरचीची. आमच्याकडे आधी मूळचा नर गेला, मग मोठी मादी रंग बदलत नर झाली आणि बाकीच्या तिघी एकेक करून गेल्या. तेव्हा आम्हाला वाटलं, योगायोग!

दुसरी गोष्ट भुकेची. हा मासा प्रवाहाबरोबर येणारे बारीक जीव दिवसभर टिपत असतो. त्याला दिवसातून तीन-चार वेळा तरी थोडं थोडं द्यावं लागतं. जास्त घातलं तर पाणी बिघडतं, कमी घातलं तर मासा झिजतो. मुलगा-सून दहा दिवस गावी गेले होते, तेव्हा मी रोज सकाळी एकदाच चिमूटभर टाकत होते. उपाशी ठेवण्यात माझाही हात आहे, हे इथे लिहून ठेवते.

मोठ्या टाक्यांत, यंत्राने वारंवार खाणं घालून, या माशांचे गट वर्षानुवर्षं सांभाळणारे लोक आहेत, हे मान्य. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते "समूहात राहतो" एवढंच सांगून पाच मासे गळ्यात मारणाऱ्यांशी. अर्धं सत्य सांगून पाच विकता येतात, पूर्ण सांगितलं तर एकही खपणार नाही. बाजारातले बहुतेक ॲन्थियस समुद्रातून पकडून आणलेले असतात. म्हणजे आपली चूक भरून काढायला पुन्हा समुद्रातच हात घालायचा.

हौस असेल तर क्लाउनफिशची जोडी ठेवा. ते टाकीतच पैदास केलेले मिळतात आणि मुळातच एका समुद्रफुलाच्या आसपास राहणारे. त्यांना लहान जागा जाचत नाही.

आता नातू म्हणतोय, "आजी, त्याला एकटं वाटतं गं, अजून चार आणू या." वाढदिवसाचे पैसे मागतोय. मी नाही म्हटलं. रुसलाय. रुसू दे. त्या एकट्याला सकाळ, दुपार, संध्याकाळ घालण्याचं काम मात्र मी अंगावर घेतलंय.