कर्करोग शस्त्रक्रियांच्या दर्जाचा संगणकीय आढावा घेण्याबाबत निवेदन

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

विषय : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील कर्करुग्णांच्या शस्त्रक्रियांचा दर्जा योजनेतील नोंदींवरून तपासणे.

महोदय,

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी आधी ऑनलाइन पूर्वमंजुरी व नंतर दावा, असे दोनदा कागद चढवले जातात. त्यावरून बिल मंजूर होते. शस्त्रक्रिया कशी झाली हेही त्याच कागदांत असते. तेही पाहिले जावे, ही मूळ मागणी आहे.

तोंडाच्या कर्करोगात हे सहज पटते. टाटा मेमोरियल रुग्णालयाची चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या टप्प्यातील ज्या रुग्णांच्या मानेतील गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांपैकी 80 टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. आजार मानेत उतरला तरच गाठी काढायच्या असे ज्यांच्याबाबत ठरवले होते, त्यांच्यात हे प्रमाण 67.5 टक्के होते. म्हणून पॅथॉलॉजी अहवालातील किती गाठी तपासल्या आणि कापलेल्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत का, या दोन ओळी मोलाच्या. स्कॅन केलेल्या प्रतीत त्या पडून राहतात. त्यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवून ते भरणे सक्तीचे करावे.

या तीन शहरांची अडचण निराळीच आहे. शस्त्रक्रिया अनेकदा परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात होते. घरी आल्यावर टाके उसवले किंवा ताप चढला, तर रुग्णाला लोकलच्या गर्दीतून पुन्हा तिकडे नेणे घरच्यांना झेपत नाही. मग उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा जवळचा खासगी दवाखाना गाठला जातो. ती गुंतागुंत शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाच्या हिशेबात येत नाही, आणि डिस्चार्ज कार्ड तेवढे निर्मळ दिसते. यास्तव शस्त्रक्रियेनंतरच्या 30 दिवसांतील पुन्हा दाखल होणे व फेरशस्त्रक्रिया यांच्या नोंदी, कुठल्याही रुग्णालयातील असोत, मूळ दाव्याशी जोडाव्यात. मृत्यूंसाठी उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर येथील मृत्युनोंदी वापराव्यात.

मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 पासून चालू आहे. पण आजार किती जणांना झाला हे मोजणे वेगळे आणि उपचार कसा झाला हे तपासणे वेगळे. नेदरलँड्समध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा असा देशव्यापी आढावा 2009 पासून घेतला जातो.

आजाराचा टप्पा, वय व मधुमेहासारखे इतर विकार विचारात घेतल्याशिवाय रुग्णालयांची तुलना करू नये. नुसती क्रमवारी लावली, तर अवघड रुग्णाला दारातूनच परत पाठवले जाईल. प्रत्येक रुग्णालयाला आधी त्याचे स्वतःचे आकडे द्यावेत. रुग्णांची नावे वगळून एकत्रित अहवाल दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावा. सुरुवात तोंडाच्या व स्तनाच्या कर्करोगापासून व्हावी.

कळावे,
उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील नागरिक