रडवण्याचं कसब

कंट्री गायक जॉर्ज जोन्सला हे गाणं मुळीच आवडलं नव्हतं. इतकं सुतकी गाणं पैसे देऊन कोण ऐकणार, असं म्हणून त्याने निर्माता बिली शेरिलशी शंभर डॉलरची पैज लावली, असं सांगतात. एप्रिल १९८० मध्ये 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' बाजारात आलं आणि जुलैत अमेरिकेच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. कंट्री म्युझिक असोसिएशनने सर्वोत्तम गीताचा मान त्याला १९८० मध्ये दिला आणि १९८१ मध्ये पुन्हा दिला. वर ग्रॅमी. पैज कोण हरलं हे वेगळं सांगायला नको.

गोष्ट साधी आहे. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, असं एक माणूस एका बाईला सांगून बसला आहे. ती निघून गेली. ती परत येईल या आशेवर त्याने तिचा फोटो भिंतीवर ठेवला, १९६२ सालची पत्रं उशाशी ठेवली, त्यातल्या प्रेमाच्या शब्दांखाली लाल रेघा ओढल्या. हे सगळं सांगतो तो त्याचा मित्र. मग एके दिवशी मित्र सांगतो, की आज त्याचं प्रेम थांबलं. का थांबलं, ते दारावर टांगलेल्या फुलांच्या चक्रावरून कळतं. त्याने दिलेला शब्द तंतोतंत पाळला.

आता श्रोत्यांनी काय केलं? गायकाचं चरित्र काढलं. जोन्सने १९६९ मध्ये टॅमी वायनेटशी लग्न केलं, १९७५ मध्ये घटस्फोट झाला. दारू होतीच, पुढे कोकेनही आलं. कार्यक्रम ठरवून तिकडे न फिरकण्याबद्दल 'नो शो जोन्स' हे नाव पडलं. एवढं साहित्य हाताशी असल्यावर लोकांनी निकाल देऊन टाकला: तो टॅमीसाठीच रडतो आहे, म्हणून गाणं खरं वाटतं. भोगल्याशिवाय असं गाता येत नाही, ही आपलीही लाडकी समजूत. कवी भेटला की पहिला प्रश्न, 'हे तुमच्या बाबतीत घडलंय का हो?'

समजूत गोड आहे, पण या गाण्याला लागू पडत नाही. ते लिहिलं बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या नॅशव्हिलच्या दोन व्यावसायिक गीतकारांनी. पुटमनने त्याआधी 'ग्रीन, ग्रीन ग्रास ऑफ होम' लिहिलं होतं. त्यात एक जण गावी परततो, आईवडील भेटतात, प्रेयसी धावत येते, आणि शेवटी कळतं, की तो तुरुंगाच्या कोठडीत स्वप्न पाहत होता आणि पहाटे त्याला मृत्यूची शिक्षा व्हायची आहे. मरण कुठे लपवायचं आणि केव्हा उघडं करायचं, हे पुटमनला पाठ होतं. तरीही शेरिलचं समाधान होईना. पहिल्या मसुद्यात नायक फार लवकर मरत होता. शेरिलने गीतकारांना पुन्हा पुन्हा लिहायला लावलं. ती बाई अंत्यविधीला येते, हा तुकडा त्या खटपटीतून आला. तो नसता तर उरला असता एक झुरून मेलेला माणूस आणि एक चतुर शेवट. ती आल्यावर मात्र त्याचा हट्ट पुरा होतो, पण तो पाहायला तो नाही.

ध्वनिमुद्रणाची कथा तर दुःखापेक्षा फजितीची जास्त आहे. जोन्स चाल विसरून क्रिस क्रिस्टॉफरसनच्या एका गाण्याच्या चालीवर घसरत असे. मधला गद्य भाग अडकून पडला, कारण पिऊन गाताना त्याचा गळा नीट चालायचा, पण बोलायला लागला की जीभ जड व्हायची. त्या चार ओळी बऱ्याच काळाने, तो शुद्धीवर असताना मिळाल्या. म्हणजे त्याच्या उद्ध्वस्त आयुष्याने या गाण्याला काही दिलं असेल तर ते मुख्यतः उशीर. जोन्सचा गळा अलौकिक होता याबद्दल वाद नाही. एकेक अक्षर तो दाताखाली धरून सोडतो. पण ते कसब आहे, कबुलीजबाब नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. या गाण्यात त्या बाईला नाव नाही, ती का गेली याचं कारण नाही. तिच्या वाट्याला आलेला स्त्रीस्वर मिली किर्कहॅमचा, तोही गद्य भागामागे नुसता शब्दांवाचून वर चढत जाणारा. वर्षानुवर्षं एखादा माणूस आपला फोटो भिंतीवरून काढत नाही, हे बाईला गोड वाटेल की घुसमटवून टाकेल? गाणं विचारत नाही. ज्यांना त्या फोटोतल्या बाईचं म्हणणं ऐकायचं असेल त्यांच्यासाठी ब्रॅडॉक आणि पुटमन याच जोडगोळीने १९६८ मध्येच दुसऱ्या एका गाण्यात सोय करून ठेवली होती. त्या गाण्यात एक आई लहान मुलाला कळू नये म्हणून घटस्फोटाच्या गोष्टी एकेक अक्षर सुटं करून बोलते. त्याचाही निर्माता शेरिलच. गायिका टॅमी वायनेट, आणि तेव्हा तिचं जॉर्ज जोन्सशी लग्न व्हायचं होतं.