मुस्तफाला ग्राफिक्स कार्ड कशाला?

बोनस हाती पडला की चाकण-भोसरीच्या कारखान्यांतल्या पोरांना घरच्या संगणकात पहिलं बदलावंसं वाटतं ते ग्राफिक्स कार्ड. नव्या खेळांसाठी ते ठीकच. पण नव्वदच्या दशकात पार्लरमध्ये नाणी घालून खेळलेला ‘मुस्तफा’ घरी खेळायचा म्हणून कोणी महागडं कार्ड घेत असेल, तर ते पैसे पाण्यात गेले समजा.

‘मुस्तफा’ म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्याचं चित्र अवघं ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं. ते दाखवायला प्रोसेसरमधलंच साधं ग्राफिक्स पुरतं. कस लागतो तो दुसरीकडे. हा खेळ घरी चालवणारं, १९९७ साली आलेलं ‘मेम’ हे सॉफ्टवेअर जुन्या यंत्रातला प्रोसेसर, आवाजाची चिप, चित्राची चिप अशी सगळ्यांची हुबेहूब नक्कल करतं, तीही एकमेकांशी वेळ जुळवून. जसं मशीन शॉपमध्ये एका जॉबवर आधी ड्रिल, मगच टॅप; शेजारची शंभर मशीन मोकळी असली तरी हा क्रम बदलत नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती शंभर मशीन. मेमला हवा असतो प्रोसेसरमधल्या एकेका कोअरचा वेग.

खात्री घरीच करा. खेळ चालू असताना एफ-११ दाबलं की वेग टक्क्यांत दिसतो. १०० असेल तर विषय संपला. कमी असेल तर मेमचा ‘बेंच’ पर्याय वापरा. त्यात चित्र आणि आवाज बंद ठेवून खेळ नुसता पळवला जातो. तरीही शंभरी गाठली नाही, तर दोष कार्डाचा नाही.

अपवाद आहेत. सेगाच्या नाओमी यंत्रावरचे त्रिमितीय खेळ चालवणारं ‘फ्लायकास्ट’ चित्र काढायचं काम कार्डाकडूनच करून घेतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या रेघा हुबेहूब दाखवणारे जड शेडर लावायचे असतील, तरी कार्डाचा उपयोग होतो. शिवाय ‘मॉर्टल कॉम्बॅट’ सेकंदाला साधारण ५४.७ चित्रं दाखवतो आणि आपला मॉनिटर बहुधा ६०. म्हणून वेग १०० टक्के असूनही हालचाल अडखळते. त्यावर उपाय म्हणजे खेळाप्रमाणे आपला वेग बदलणारा मॉनिटर आणि त्याला साथ देणारं ग्राफिक्स. तिथेही कार्ड भारीतलंच हवं असं नाही.

तेव्हा बोनसचे पैसे आधी प्रोसेसरवर घाला, मग दणकट जॉयस्टिकवर. कार्डाचं पुढच्या दिवाळीला बघू.