सेकंदाचा धनी कोण?

आकाशवाणीच्या बातम्यांआधी पिप् पिप् वाजले, की आमचे आजोबा मनगटावरचे घड्याळ जुळवून घेत. मिनिटभर इकडेतिकडे झाले तरी घराचे भागत असे.

संगणकाचे तसे भागत नाही. माझ्या पुतण्याने गच्चीवर पर्जन्यमापक बसवून तो पत्त्याएवढ्या छोट्या संगणकाला जोडला. एकदा रात्री एकला वीज गेली, सोबत इंटरनेटही. तीनला वीज आली, इंटरनेट मात्र सकाळपर्यंत आले नाही. पहाटे तीननंतरचा सगळा पाऊस नोंदीत एकनंतरचा म्हणून लिहिला गेला! अशा अनेक स्वस्त संगणकांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरीच नसते. इंटरनेटवरून वेळ मिळाली नाही, तर बंद पडतानाचीच वेळ ते पुढे चालवतात. पावसाचे सोडा, पण सोसायटीच्या दारावरचा कॅमेरा असा चुकला, तर त्याचा पुरावा कोण मानणार?

उपाय आकाशात आहे. जीपीएस म्हणजे वाट दाखवणारे यंत्र, असे आपण समजतो. मुळात ते घड्याळ आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या त्याच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळे असतात. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. त्यामुळे वेळ चुकली की जागाही चुकते.

जमिनीवरचा छोटा रिसीव्हर संगणकाला तारीख-वेळ कळवतो, पण हा निरोप किंचित उशिरा पोचतो. म्हणून काही रिसीव्हर वेगळ्या तारेवरून दर सेकंदाला एक ठोका देतात. सेकंद कोणता हे निरोप सांगतो, तो नेमका कधी सुरू झाला हे ठोका सांगतो. दोन्ही जुळले की छोटा संगणकही काही मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक चालतो. खरेदी करताना या ठोक्याची सोय आहे ना, हे जरूर विचारावे. अँटेनाला मोकळे आकाश मात्र दिसायला हवे.

पण फुकट मिळणाऱ्या वेळेलाही धनी असतो. जीपीएस अमेरिकेच्या लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी २०१६ रोजी काही उपग्रहांनी १३ मायक्रोसेकंदांनी चुकलेली वेळ कळवली आणि दूरसंचार यंत्रणांत धोक्याचे इशारे वाजू लागले. हेतू वाईट नव्हता, चूकच होती. आपल्या 'नाविक'च्या २०१३ सालच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही आयात अणुघड्याळे बंद पडली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात मग स्वदेशी अणुघड्याळ गेले. देशाने घेतलेला हा धडा घरीही लागू आहे. जीपीएस आणि नाविक दोन्ही ऐकणारा रिसीव्हर घ्यावा, संगणकाला बटण-सेलवर चालणारे घड्याळ जोडावे आणि इंटरनेटवरच्या वेळेशी अधूनमधून ताळा घ्यावा.

आजोबा रेडिओवर घड्याळ लावून निघत. तरी स्टेशनात शिरताच फलाटावरच्या घड्याळाकडे एकदा बघतच. ही सवय आता संगणकालाही लावायला हवी.