पश्चात्तापाची साक्ष कोणी द्यावी?

मनुष्याने आपले पाप स्वमुखाने कबूल करणे ही मोठी कठीण गोष्ट होय, असे सर्वत्र समजले जाते. आमचे मत अलीकडे निराळे होत चालले आहे. पाप कबूल करणे कठीण नाही. कोणते पाप कबूल करावयाचे ह्याची निवड जर आपल्याच हाती असेल, तर ते अत्यंत सोपे, किंबहुना सुखकारक आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘साक्ष’ देण्याची जी चाल आहे, ती ज्यांनी दहापाच वर्षे नियमाने पाहिली असेल, त्यांस आमचे हे म्हणणे विक्षिप्त वाटणार नाही. साक्ष देणारा उभा राहतो. आपण पूर्वी दारू पीत होतो, पत्ते खेळत होतो, तोंडात शिव्या होत्या, असे सांगतो. मग एके रात्री प्रभूने आपणास गाठले व आपण नवे झालो, असे म्हणून खाली बसतो. मंडळी सद्गदित होते. ह्यात खोटे काही नसते. दारू खरोखरच सुटलेली असते, आणि ज्या घरातून दारू गेली त्या घराला विचारावे की ही गोष्ट लहान आहे काय! परंतु ह्या साक्षींच्या यादीत काय नसते, हे पाहण्याची आम्हांस काही दिवसांपासून खोड लागली आहे.

काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील एका खेड्यात अशाच एका सभेस बसण्याचा आम्हांस प्रसंग आला. एका वयस्क, प्रतिष्ठित गृहस्थाने आपली तीस वर्षांची तंबाखू कशी सुटली ते सांगितले, आणि चांगले सांगितले. सभेत बायकांच्या बाजूस तिसऱ्या ओळीत त्यांची धाकटी बहीण बसली होती. बापाच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत, कसला तरी सरकारी कागद आहे असे सांगून, ह्याच गृहस्थाने तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, आणि विहिरीखालची चांगली चार एकर जमीन सातबाऱ्यावर एकट्याच्या नावे करून घेतली होती. हे गावात सर्वांस ठाऊक होते. साक्षीत त्याचा उल्लेख आला नाही. येईल अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. आम्हांस धक्का बसला तो त्या गृहस्थाच्या मौनाचा नव्हे, तर मंडळीच्या ह्या निरपेक्षतेचा.

अशा साक्षींना नमुना म्हणून व्यासपीठावरून ज्या एका परदेशी चरित्राचा दाखला वारंवार दिला जातो, ते जॉन न्यूटन ह्या इंग्रज खलाशाचे. कथा अशी सांगतात की, न्यूटन हा गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता, भर समुद्रात वादळ झाले, त्याने देवाचा धावा केला, जहाज वाचले, त्याने तत्क्षणी तो पापी धंदा टाकला आणि पुढे कृपेचे ते जगप्रसिद्ध गीत लिहिले. कोणी कोणी तर त्याने जहाज माघारी वळवून गुलाम मुक्त केले, असेही ठोकून देतात. कथा सुंदर आहे. दुर्दैवाने ती घडलेली नाही.

वादळ खरे आहे. ते 1748 च्या मार्चमध्ये झाले. ‘ग्रेहाउंड’ जहाजावर तेव्हा एकही गुलाम नव्हता. सोने, हस्तिदंत, मेण आणि रंगाचे लाकूड असा माल होता, आणि मेण व लाकूड हलके म्हणूनच ते फुटके जहाज कसेबसे तरंगत राहिले. न्यूटनही त्या वेळी कप्तान नव्हता. ह्या वादळात त्याच्या अंतःकरणात काही हालले, हे निश्चित. मरेपर्यंत तो दिवस त्याने दरवर्षी पाळला. पण ह्यानंतर त्याने काय केले? तो गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून गेला, आणि 1750 पासून 1754 पर्यंत तीन सफरी स्वतः कप्तान होऊन केल्या. म्हणजे कप्तानपद हे वादळापूर्वीचे नसून वादळानंतरचे! जहाजावर तो रविवारी खलाशांसह उपासना चालवी, पत्नीला भक्तिपर पत्रे लिही. आणि तक्त्याखाली साखळदंडात माणसे असत. बंडाचा संशय आला म्हणून कैद्यांचे अंगठे लोखंडी शिकंज्यात चेपल्याच्या नोंदी त्याच्याच रोजनिशीत आहेत. 1754 साली त्याने समुद्र सोडला तो मनोदेवतेच्या टोचणीने नव्हे. त्याला एकाएकी झटका आला व वैद्यांनी सफर करू नये असे सांगितले म्हणून.

येथवर वाचून आमचे काही बुद्धिवादी मित्र हर्षाने टाळी देतील. ‘पाहा तुमचे मनःपरिवर्तन! वर प्रार्थना, खाली बेड्या!’ त्यांनी थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे, कारण चरित्र अजून संपलेले नाही, आणि त्याचा महत्त्वाचा भाग पुढेच आहे.

न्यूटनने दोन कबुल्या छापल्या. पहिली 1764 सालची, पत्ररूपाने लिहिलेल्या आत्मवृत्ताची. त्याच वर्षी तो ओल्नी गावी पाळक झाला. हे आत्मवृत्त अतोनात गाजले. त्यात ईश्वरनिंदा आहे, स्वैराचार आहे, आपण दुसऱ्यांसही नास्तिक केले ह्याचा खेद आहे. गुलामांच्या धंद्याविषयी मात्र तो म्हणतो की, त्या काळी आपणास त्यात काही गैर वाटले नाही. ईश्वराने नेमून दिलेले काम असेच वाटे. फक्त आपण एक प्रकारचे तुरुंगाधिकारी आहोत ह्याचा कंटाळा येई. शिव्या दिल्याचा पश्चात्ताप आहे. माणसे विकल्याचा नाही! ते प्रसिद्ध गीत 1773 सालच्या नववर्षदिनासाठी रचलेले; म्हणजे अंधत्व जाऊन दृष्टी आल्याची ग्वाही देणाऱ्या ह्या कवीने तोपर्यंत त्या धंद्याविरुद्ध एक अक्षरही प्रसिद्ध केलेले नव्हते.

दुसरी कबुली 1788 सालची. न्यूटन तेव्हा साठी ओलांडलेला, लंडनमधील नामांकित धर्मोपदेशक होता. त्याने आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापारावर एक छोटेखानी पुस्तिका लिहिली. त्यात तो ज्या धंद्याचे वर्णन करतो त्याचे आपण स्वतः एक हत्यार होतो, हे तो सांगतो. माणसे फळीवरील पुस्तकांसारखी एकमेकांस खेटून कशी निजवीत, हे सांगतो. रात्री रडून झोपमोड करणारे तान्हे मूल एका अधिकाऱ्याने आईच्या हातून हिसकून समुद्रात फेकले, हेही सांगतो. आणि आपली कबुली कितीही मनापासूनची असली तरी घडलेल्या अनर्थाचे निवारण करण्यास ती फार उशिरा आली, हे तो लपवीत नाही. त्याच वर्षी त्याने प्रिव्ही कौन्सिलपुढे आणि 1790 साली कॉमन्स सभेच्या समितीपुढे उभे राहून साक्ष दिली. ही साक्ष आणि आमच्या सभांतील साक्ष ह्या दोहोंना आपल्या भाषेत एकच शब्द असावा, ह्याची आम्हांस मौज वाटते. न्यूटनची साक्ष खऱ्या अर्थाने साक्ष होती, कारण ती उलटतपासणीस उभी होती. इंग्लंडने तो व्यापार 1807 साली कायद्याने बंद केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

आता ह्या दोन कबुल्या शेजारी ठेवून पाहा. पहिली ऐकून ओल्नीचे भाविक रडले असतील. पण ‘आफ्रिकन’ जहाजाच्या तळाशी बेड्यांत असलेल्या माणसाला ती वाचून दाखविली असती, तर त्याने कपाळाला हात लावला असता. हा आमच्यापुढे शिव्या देत नसे, एवढेच त्याला त्यातून कळले असते. दुसरी कबुली त्याला ओळखता आली असती. तीत त्याचा अंगठा होता, त्याचे मूल होते. आमच्या मते खऱ्या पश्चात्तापाची ओळख हीच: ज्याचा अपराध केला त्याला त्या कबुलीत आपले दुःख दिसले पाहिजे.

आमच्या बुद्धिवादी मित्रांस आता उत्तर देता येते. वादळातील श्रद्धा ढोंगी होती काय? नव्हती, ती अपुरी होती, आणि हे त्यांच्याआधी न्यूटननेच सांगितले आहे. वादळानंतरही पुष्कळ काळपर्यंत आपण खऱ्या अर्थाने विश्वासी नव्हतो, असे तो लिहितो. पण ज्या समाजाने त्याला मान दिला, त्याच समाजाच्या भरभराटीचा एक धंदा म्हणजे खून आहे, आणि तो मी केला, हे साठीनंतर म्हणण्याचे बळ त्याला कोठून आले? क्षमा झालेली आहे अशी ज्याची खात्री आहे, त्यालाच आपला अपराध पूर्ण उघडून पाहता येतो. इतरांना तो झाकणे भाग असते. ह्या बळाला चाळीस वर्षे लागली ही लाजेची गोष्ट खरी. ते आले, हीही खरी.

हा दोष केवळ ख्रिस्ती कथेकऱ्यांचा नव्हे. वाल्या कोळ्याची कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली. सात रांजण खड्यांनी भरले. प्रत्येक खडा म्हणजे एक पाप. नारदाने विचारले, बायकामुले ह्या पापाची वाटेकरी होतील काय? ती ‘नाही’ म्हणाली, आणि वाल्याचा वाल्मीकि झाला. कथा थोरच आहे. पण खडे मोजणाऱ्या त्या कथेत ज्यांना मारले त्यांच्या घरी कोणी गेले काय? त्यांच्या बायकामुलांस कोणी काही विचारले काय? आम्ही लहानपणी हा प्रश्न विचारला, तेव्हा आजीने ‘झोप आता’ म्हणून सांगितले.

येथे आमचे काही पाळकबंधू कपाळास आठ्या घालून म्हणतील की, तारण कृपेने होते, कर्मांनी नव्हे. भरपाईचा आग्रह धरणे म्हणजे क्षमेची किंमत लावणे होय. आम्ही त्यांस लूककृत शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय उघडण्याची विनंती करतो. यरीहोचा जक्कय हा मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी जातो तो आधी. त्याने काही परत केले म्हणून नव्हे. कृपा प्रथम उंबरा ओलांडते, ह्यात वाद नाही. पण ती आत येताच जक्कय आपण झाडावर कसे चढलो ह्याचे रसभरित वर्णन करीत बसत नाही. तो उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांस देतो, आणि ज्यांना नाडले त्यांस चौपट परत करण्याचे बोलतो. त्या घराला तारण प्राप्त झाल्याचे उद्गार त्यानंतरचे आहेत. जकातदाराच्या मनःपरिवर्तनात जकातीची वही उघडली गेली. आमच्या मंडळ्यांत मात्र वही सोडून बाकी सर्व उघडते.

कोणी व्यवहारी मनुष्य म्हणेल, जुनी भांडणे सभेत उकरली तर मंडळी फुटेल. सभेत उकरा असे आम्ही म्हणतच नाही. तलाठ्याच्या कचेरीस व्यासपीठ लागत नाही.

त्या खेड्यातील सभा आटोपल्यावर जेवणाच्या पंगतीत आम्ही त्या बहिणीस, जरा धारिष्टानेच, भावाच्या साक्षीविषयी विचारले. तिने पदर सावरला, थोडा वेळ ताटाकडे पाहिले, आणि म्हणाली, “दादाने तंबाखू सोडली ते खरं आहे. आता ओसरीवर पिंक दिसत नाही.”